नऊ जणींचा फोटो आणि कुलथेकाका

कुलथेकाकांसमोर कुठलाही जुना फोटो ठेवला की ते आधी मागं वळून दाराकडं बघायचे आणि मग विचारायचे, "ह्यातलं कोन जित्तं हाय?"

फोटो कधीचा, कुठल्या गावचा, कुणी काढला, हे सगळं नंतर. फोटोतली सगळी माणसं गेलेली आहेत असं कळलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. हे लिहिताना मलाच विचित्र वाटतं, पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. गेलेला माणूस पेपरच्या कचेरीत भांडायला येत नाही.

बीडमधल्या आमच्या छोट्या दैनिकात मी पानं लावायचं काम करत होते. वडवणीहून सकाळच्या एसटीनं यायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत. निजामाची राजवट संपल्यावर थोड्याच दिवसांत आमचं दैनिक साप्ताहिक म्हणून सुरू झालं होतं. ज्यांनी ते काढलं त्यांना कचेरीत अजून मोठे मालक म्हणतात. त्यांनी हैदराबादहून एक कॅमेरा आणला होता आणि तो गळ्यात अडकवून ते गावोगाव हिंडत. पुढाऱ्यांचे फोटो त्यांनी फारसे काढले नाहीत. देवीची लस टोचून घेताना तोंड फिरवलेला पैलवान, चावडीवरच्या रेडिओपुढं मांडी घालून बसलेली माणसं, सरकी निवडणाऱ्या बाया, घाटनांदूरच्या स्टेशनात मालगाडीकडं पाठ करून चहा पिणारा हमाल, असले त्यांचे फोटो. फोटो छापायचा तर जस्ताचा ब्लॉक बाहेरगावाहून करून आणावा लागे, आणि तो येईपर्यंत बातमी शिळी होई. त्यामुळं बहुतेक फोटो कधी छापलेच गेले नाहीत. मोठे मालक पाठीमागं पेन्सिलीनं गाव, वार, साल, माहीत असली तर नावं लिहीत, आणि फोटो कपाटात जाई.

त्या कपाटाची किल्ली कुलथेकाकांच्या करगोट्याला होती. तरणे असताना ते छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला म्हणून छापखान्यात लागले. मग खिळे गेले, मशीन गेलं, मोठे मालकही गेले, आणि काका कपाटाशी उरले. मी लागले तेव्हा ते सत्तरीच्या पुढं होते. अंगानं किडकिडीत, उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, आणि वरच्या खिशात एक घडी घातलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर स्वतःचं नाव, गल्ली, पुतण्याचा फोन नंबर. "कुटं पडलो तर वळख पटावी मनून," असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. रस्त्यानं चालायचे ते भिंतीला खांदा घासत. एसटीत पुढं बसायचे नाहीत, समोरून धडक बसली तर. मागं बसायचे नाहीत, मागून बसली तर. खिडकीजवळ दगड येतो, म्हणून मधल्या रांगेत आतल्या बाजूला. कपाटाच्या खोलीत काडेपेटी, उदबत्ती, चहा, सगळ्याला बंदी. लक्ष्मीपूजनाची पणतीसुद्धा उंबऱ्याबाहेर, आणि ती विझेपर्यंत काका तिच्यासमोर स्टुलावर बसून. फोनवर कुणाचं नाव घ्यायचे नाहीत. 'त्या नेकनूरच्या अलीकडच्या', 'ते चष्म्यावाले', 'ज्यांच्याकडं परवा गेलतो ते', असं बोलायचे, आणि पलीकडच्याला काही उलगडायचं नाही.

कचेरीत त्यांची थट्टा व्हायची. मीही केली. एकदा मी गमतीनं सांगितलं की तहसीलमधून तुमच्या नावानं पत्र आलंय. काका डबा तसाच पिशवीत घालून घरी गेले आणि दोन दिवस तापानं पडले. मी माफी मागायला गेले तर उलट मलाच म्हणाले, "जाऊ दे माय, तुला काय ठाऊक." ती थट्टा आठवली की अजून मला स्वतःचा राग येतो.

एवढी भीती कशाची, असं मी पुढं एकदा विचारलं होतं.

"कशाची असावी लागती का?" ते म्हणाले. "कुनाला पित्त व्हतंय. मला भ्या व्हतंय."

दैनिकाच्या महोत्सवी वर्षी धाकट्या मालकांनी ठरवलं की कपाटातले जुने फोटो दर रविवारी एक असे छापायचे. फोटो निवडायचं आणि पान लावायचं काम माझ्याकडं आलं. पहिला फोटो मी घेतला तो आडावर पाणी शेंदणाऱ्या सुनांचा. पाठीमागं मोठ्या मालकांच्या अक्षरात एकीचं नाव होतं, नवऱ्याच्या नावासकट, गाव घाटनांदूर. काका दोनदा म्हणाले, "ती बाई हाय का गेली ते इचार आन् मग छाप." मी म्हटलं, काका, सत्तर वर्षं झाली. आणि चौथ्या पानावर रिकामी जागा होती तिथं तो फोटो लावून टाकला, नावासकट, छान काळी चौकट करून.

आता आमच्याकडं चौथं पान म्हणजे श्रद्धांजलीचं पान, हे मला कळायला हवं होतं. आमच्या भागात म्हाताऱ्या माणसाचा फोटो नावानिशी चौकटीत आला की त्याचा एकच अर्थ होतो. सकाळी दहाच्या आत घाटनांदूरला त्या घरासमोर तीन गावांहून जीपा आल्या. लेकी वेशीपासूनच हंबरडा फोडत आल्या. माहेरच्यांनी रीतीप्रमाणं लुगडं आणलं. म्हातारी ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसली होती. लेकी रडताना पाहून तिला वाटलं, जावई गेला. तीही सूप टाकून रडायला लागली. कोण कुणासाठी रडतंय हे कळायला अर्धा तास गेला म्हणतात.

दुपारी त्या सगळ्या जीपा कचेरीपुढं. कुलथेकाका कपाटाच्या खोलीत आतून कडी लावून बसले होते. मी एकटी बाहेर उभी राहून बोलणी खात होते. लोक गेल्यावर कडी निघाली, काकांनी डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "म्हातारी बरी हाय ना?"

त्या दिवसापासून नियम झाला. फोटोतल्या एकेका माणसाची खात्री झाल्याशिवाय फोटो कपाटाबाहेर जाणार नाही. काकांनी त्याची रीतच बसवली. फोटोवर बटर पेपर ठेवायचा, पेन्सिलीनं प्रत्येक डोक्याची नुसती कड काढायची, त्यात आकडा घालायचा. खाली आकड्यापुढं नाव. नावापुढं 'जि' किंवा 'कै'. ज्याचं काहीच कळलं नाही त्याच्यापुढं रिकामी जागा. रिकाम्या जागेवर काकांचा फार जीव. तेवढ्यासाठी ते मला घेऊन गावोगाव हिंडायचे, कुत्र्यांना भीत, पुलांना भीत, रस्त्यात थांबवून 'कुनाकडं?' म्हणणाऱ्यांना भीत. कुणाच्या घरी गेलो की काका उंबऱ्यातच टेकायचे, पायातली चप्पल न काढता.

"फोटो दाखविला की मानूस रडतंय का चिडतंय सांगता येत न्हाई," ते मला कानात सांगायचे. "निघायची तयारी ठिवावी."

रडणारेच जास्त भेटले. वडवणीच्या एका म्हाताऱ्यानं झाडाखालच्या न्हाव्याचा फोटो पाहिला. चेहरा न्हाव्याचाही दिसत नव्हता, गिऱ्हाइकाचाही नाही. म्हातारा म्हणाला, "ह्यो मानेवरचा व्रण माझ्या बापाचा." आणि फोटो कपाळाला लावून बसला. काकांनी घाईघाईनं बटर पेपरवर नाव लिहिलं, 'कै' लिहिलं, आणि चप्पल घातलेले पाय आत ओढून घेऊन त्याच्या शेजारी सरकून बसले. निघायची घाई त्या दिवशी केली नाही.

हे असं वर्षभर चाललं. मग सुमनबाई आल्या.

नेकनूरच्या पुढं एक गाव आहे. नाव लिहीत नाही. मला भीती वाटते म्हणून लिहीत नाही, दुसरं काही कारण नाही. तिथं देवळासमोरच्या मैदानात आठवडी बाजार भरतो आणि लिंबांच्या ओळीखाली भाजीवाल्या बाया बसतात. त्या मैदानावर गावच्या पुढाऱ्याला दुकानांचे गाळे बांधायचे होते. त्यांना सगळे बापू म्हणतात, इथंही बापूच म्हणू. बापूंचं म्हणणं, मैदान त्यांच्या आजोबांचं खासगी, बाजार तिथं अलीकडं घुसला. बायांना हायवेच्या पलीकडं, ना झाड ना पाणी अशा जागी जायला सांगितलं होतं. तहसीलदारांपुढं सुनावणी होती. सुमनबाई त्या ओळीत बसणाऱ्या. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, हातात कोथिंबिरीचा वास.

"ताई, माझी आजेसासू तितंच बसायची, सासू तितंच बसायची, मी तितंच बसायले," त्या मला म्हणाल्या. "साहेब मनतेत कागद दाखवा. आमच्याकडं कुटला कागद? तुमच्या पेपरात जुनं कायतरी असंल मनून आले."

मी कपाटाच्या खोलीकडं पाहिलं. काका दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"न्हाई," ते म्हणाले. "त्या गावचं आमच्याकडं काई न्हाई."

सुमनबाई गेल्या. काका दिवसभर खोलीतून बाहेर आले नाहीत. डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी मी यायच्या आधी येऊन माझ्या टेबलापाशी उभे होते. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो.

"काल मी खोटं बोललो," ते म्हणाले.

फोटोत लिंबाखाली नऊ बाया ओळीनं बसलेल्या होत्या. पुढ्यात वांगी, मिरच्या, कांदे. मागं देवळाच्या पायऱ्या आणि जनावरांना पाणी पाजायचा दगडी हौद. एक बाई तराजू वर धरून डोळे बारीक करून पारडं बघत होती, बाकीच्या हसत होत्या. पाठीमागं मोठ्या मालकांचं अक्षर, गाव, वार, साल, आणि 'बायांची ओळ'. मी पाहताक्षणी ओळखलं की हाच तो कागद. आणि हा बाहेर काढला तर बापू गप्प बसणार नाहीत, हेही मला तेव्हाच कळलं.

"काका, आता काय करायचं?"

"मला कावून इचारतीस?" ते जवळजवळ ओरडले. मग आवाज उतरवून म्हणाले, "खात्री करू. नऊ बाया हायेत."

बापूंचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. त्यांना कसं कळलं ते मला आजवर कळलेलं नाही. कचेरीत भिंतीलाही कान होते, एवढंच म्हणते. माणूस तिशीचा, स्वच्छ कपड्यातला, बोलायला गोड. धाकट्या मालकांना म्हणाला, "बापूला जुन्या फोटूची लई आवड हाय. आमच्या गावचा एक हाय म्हनं तुमच्याकडं. फ्रेम करून वाड्यात लावावा मनतेत. ह्येच घिऊन जातो."

बापूंच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आम्हालाच मिळायची. धाकटे मालक म्हणाले, "कुलथे, देऊन टाका."

काका खोलीच्या दारात आले. एका हातानं चौकट धरली होती.

"देतो की," ते म्हणाले. "पन नेम हाय. त्यात नऊ बाया हायेत. कोन जित्ती, कोन गेली, नवांची खात्री झाल्याबिगर फोटो कपाटातून जात न्हाई. मालकांनीच घातलेला नेम हाय. मागं घाटनांदूरला लई घोळ झालता."

त्या माणसानं मालकांकडं पाहिलं. मालक घाटनांदूरच्या आठवणीनं ओशाळून टेबलावरचे कागद आवरायला लागले. तेवढ्यात तो हसला.

"करा की खात्री. आमी कुटं न्हाई मनतो," तो म्हणाला, आणि जाता जाता वळून विचारलं, "काका, तुमी ऱ्हायला कुटं असता?"

काकांचा हात खिशातल्या चिठ्ठीवर गेला होता. तो माणूस गेल्यावर ते मोरीत जाऊन ओकले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गावी गेलो. नेकनूरपर्यंत एसटी, पुढं माणसं कोंबून नेणारी वडापची जीप. काका सगळा रस्ता माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून बसले होते, आणि मला ते बरं वाटत होतं, कारण मीही तितकीच भ्यालेली होते. नऊपैकी एक बाई जिवंत आहे असं सुमनबाईंकडून कळलं होतं. त्यांचीच चुलत आजेसासू. नव्वदीला टेकलेली, कानांनी अधू, डोळ्यांनी बरी. सुमनबाईंनी तिला उन्हात खाटेवर बसवलं आणि फोटो तिच्या हातात दिला.

म्हातारीनं फोटो डोळ्यांजवळ धरला. मग हसली. दात एकही नव्हता.

"तराजू धरलेली मी," ती म्हणाली. "तो मानूस मनला, वर बगा. मी मनले, वर बगितलं तर गिऱ्हाइक माप मारंल." मग बोट सरकवत एकेकीचं नाव घेत गेली. ही कुणाची सून, ही कुणाची आई, हिला पुढं साप चावला, ही सुमनच्या नवऱ्याची आजी, हिच्यापुढच्या मिरच्या माझ्या रानातल्या. काका गुडघ्यावर बसून बटर पेपरवर लिहीत होते. आठ वेळा 'कै', एकदा 'जि'. लिहिता लिहिता पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

आम्ही उठलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एक मोटारसायकल उभी होती. वर दोघं. आम्ही जीपकडं चालायला लागलो तशी गाडी सुरू झाली आणि चालण्याच्याच वेगानं आमच्या मागून आली. जीप मिळेपर्यंत. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. काका फोटोचं पाकीट पोटाशी धरून पुढं बघून चालत होते. त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला तरी थांबले नाहीत.

नवांची खात्री झाली हे आम्ही कचेरीत कुणाला सांगितलं नाही. सुनावणीत फोटोची प्रत चालणार नव्हती. मूळ फोटो पाहिजे, आणि तो ज्याच्या ताब्यात आहे त्यानं येऊन सांगायला पाहिजे, असं सुमनबाईंच्या वकिलानं कळवलं. मी काकांना म्हटलं, तुम्ही नाही आलात तरी चालेल, आपण काहीतरी करू. हे मी मनापासून म्हटलं होतं. ते म्हणाले, "तू सांगशील का? तुला मोठ्या मालकांचं अक्षर कुटं ठाऊक?"

सुनावणीच्या दिवशी तहसील कचेरीत बापूंची माणसं दोन्ही बाजूच्या भिंतींना टेकून उभी होती. काकांना खुर्ची दिली तर ती जमिनीवर खडखड वाजायला लागली, इतके ते कापत होते. अखेर ते उभे राहिले. फोटो कधीपासून कपाटात आहे, अक्षर कुणाचं, नऊ जणी कोण, हौद कुठं, त्यांनी सगळं सांगितलं. शब्द तुटत होते, पण क्रम चुकला नाही.

समोरचा वकील उठला. "काका, तुमचे हात बघा कसे लटपटायलेत. कुनी खोटं बोलायला लावलंय का? एवढं भ्या कशाचं?"

"साहेब, भ्या मला रोजच वाटतंय," काका म्हणाले. "ह्या फोटोपायी एकदा खोटंबी बोलून बगितलं. खोटं बोलताना एवढं भ्या वाटत न्हाई."

कुणीच हसलं नाही. तहसीलदारांनी फोटो उलटा करून पाठीमागचं अक्षर वाचलं, कागदांना जोडून घेतला, आणि पुढचा आदेश होईपर्यंत बाजार आहे तिथंच भरावा असं सांगितलं. सुमनबाई बाहेर येऊन माझ्या गळ्यात पडून रडल्या. काका व्हरांड्यात कुठंच दिसेनात. ते मागच्या दारानं निघून स्टँडवर पोचले होते.

चार दिवसांनी सकाळी माझ्या मोबाईलवर एक फोटो आला. काकांचा, मागून काढलेला, भिंतीच्या कडेनं चालताना. त्यांचीच गल्ली होती. काळी चौकट, वर हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि पूर्ण नाव. आमच्याच चौथ्या पानासारखी अक्षरं. कुणी पाठवलं ते नंबरवरून कळेना. अर्ध्या तासात तो सगळ्या गटांवर फिरला होता. मी रिक्षानं त्यांच्या घरी गेले. दारात माणसं जमली होती, पुतण्या सगळ्यांना सांगून सांगून रडकुंडीला आला होता की अहो काका आहेत, आत आहेत.

आत खिडक्या बंद. काका पलंगाच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून. पुतण्याचा फोन त्यांच्या हातात होता आणि त्यावर ते स्वतःचीच चौकट बघत होते.

"नाव बराबर हाय," ते म्हणाले. "हाय का गेला ते आदी इचारायला पायजे होतं." आणि ओठ आवळून रडायला लागले. मी त्यांच्याजवळ बसले. मला धीर देता आला नाही, कारण माझ्याकडं तो नव्हता.

मी पुढच्याच महिन्यात नोकरी सोडली. पुण्याला बहिणीकडं राहून आता पुस्तकांची पानं लावते. घरी सांगितलं की पगार बरा आहे. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल. ज्या माणसाला आम्ही सगळ्यांनी भित्रा म्हणून हसलो तो तिथंच राहिला आणि मी निघून आले. प्रकरण अजून चालू आहे. तारखा पडतात.

पण जायच्या आधी मी त्यांना एकदा पाहिलं, ते सांगायचं राहिलंय.

त्या चौकटीनंतर काका घराबाहेर पडले नव्हते. आणि इकडं गावात बायांना सांगितलं गेलं होतं की तुमचा साक्षीदार गेला, आता फोटोचं कोण बोलणार? काकांची ती चौकट मोबाईलवर सगळ्यांनी पाहिलीच होती. सुमनबाई सांगून थकल्या. ओळीतल्या तीन बाया पुढच्या बाजाराला आल्याच नाहीत. हे सुमनबाईंनी मला फोनवर सांगितलं आणि मी काकांना सांगितलं. सांगायला नको होतं, असं नंतर रस्ताभर वाटत राहिलं. कारण बाजाराच्या दिवशी सकाळी काका बीडच्या स्टँडवर उभे होते. बटणं लावलेला शर्ट, हातात कापडी पिशवी.

"तू चल," ते म्हणाले. "एकट्यानं मला व्हनार न्हाई."

बाजार भरलेला होता. उन्हाचा ताव, धूळ, लिंबाखाली ओळ. आम्ही एका टोकाला उभे राहिलो. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता, वरच्या ओठावर घाम. मग ते पहिल्या बाईपुढं उकिडवे बसले आणि पावशेर गवार मागितली. बाईनं वर पाहिलं. तिचा हात तराजूवरच थांबला.

"काका? तुमी...?"

"कवळी दे," काका म्हणाले.

ती गवार निवडायला लागली, एकेक शेंग बघून. शेजारच्या बाईनं पदराआडून पुढच्या बाईला खुणावलं. ती खूण ओळीतून शेवटपर्यंत गेलेली मला दिसली. काका उठले, दुसरीपुढं बसले, लिंबं घेतली. तिसरीकडं कोथिंबीर. प्रत्येकीपुढं मुद्दाम वेळ लावत होते. घासाघीस करत होते, आवाज फुटत नव्हता तरी करत होते, म्हणजे आजूबाजूच्या माणसांनी वळून बघावं.

पाचव्या बाईपाशी असताना मागून मोटारसायकल आली आणि आमच्या अगदी पाठीशी थांबली. इंजिन चालूच. काकांनी मागं पाहिलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं एवढ्या उन्हात गार होती आणि इतकी घट्ट की पुढं दोन दिवस माझ्या हातावर वळ राहिले. मला त्यांच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती. कुणीतरी गाडीवरून बराच वेळ आमच्याकडं बघत होतं. बाई जुडी हातात धरून तशीच बसली होती. मग गाडी वळली आणि बाजाराच्या दुसऱ्या बाजूला निघून गेली.

काका तसेच उकिडवे होते. पिशवी भरत आली होती. त्यांनी दुसऱ्या हातानं तोंड पुसलं, माझं मनगट सोडलं नाही, आणि त्याच्याच आधारानं हळूहळू उभे राहिले.

"चल माय," ते म्हणाले. "आजून चौगी ऱ्हायल्यात."